नुसतं विसळलं की खरंच धुतलं? फळं-भाज्यांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात बोलता बोलता मी एक वाक्य लिहून गेले, की फळांना साबण बिबण लावू नका, वाहतं पाणी आणि आपले दोन हात एवढं पुरतं. मी ते विसरूनही गेले होते पण तुम्ही नाही विसरलात, पत्रं आणि मेसेज इतके आले की हा अख्खा अंक त्यावरच काढावा लागतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम टाकली नाहीत, कारण निम्म्या प्रश्नांत घरातल्याच कुणाची तरी तक्रार आहे आणि मला कुणाच्या घरात भांडण लावायचं नाहीये.

प्रश्न: ताई, मी भाजी आधी धुते आणि मग चिरते. सासूबाई आधी चिरतात आणि चिरलेली भाजी पातेल्यात घालून तीन पाण्यांनी धुतात, म्हणतात आतूनसुद्धा स्वच्छ होते. कोण बरोबर?

तुम्ही. पण लगेच जाऊन सांगू नका, पुढचं वाचा आधी. सालीवर जे काही असतं, माती, जंतू, फवारणीचा अंश, ते सुरीच्या पात्याबरोबर आत जातं, म्हणजे न धुतलेली भाजी चिरली की बाहेरची घाण आपणच आत नेऊन ठेवतो. आणि चिरलेला भाग उघडा असतो, रस सुटलेला असतो, तिथे जंतूंना चिकटायला आणि वाढायला बरं पडतं, नंतर तीन काय तेरा पाण्यांनी धुतलं तरी तिथून ते पूर्ण निघत नाहीत. शिवाय सी आणि बी गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, चिरलेली भाजी पाण्यात ठेवली की त्यातली थोडी त्या पाण्याबरोबर सिंकमध्ये जातात.

आता सासूबाईंची बाजू. फ्लॉवर, ब्रोकोली असल्या गड्ड्याच्या भाज्या अख्ख्या धुऊन काही होत नाही, पाणी वरून घरंगळून जातं आणि आत तुऱ्यांच्या बेचक्यात सगळं तसंच राहतं. तिथे तुरे सोडवूनच धुवावे लागतात. कोबीचं वरचं एक-दोन पानांचं आवरण काढून टाकायचं, मग पानं सुटी करून धुवायची. म्हणजे काही बाबतीत त्या बरोबर आहेत असं सांगता येईल तुम्हाला, आणि ते आधी सांगा.

प्रश्न: बेकिंग सोडा, व्हिनेगर, मीठ, यातलं नेमकं काय वापरायचं? मी तिन्ही एकत्र टाकते म्हणजे काही राहायला नको.

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय म्हणून जरा बैजवार लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी ते तिन्ही एकत्र टाकणं थांबवा. सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फसफस होते, फेस येतो, आपल्याला वाटतं वा काय काम चाललंय. काम काहीच चाललेलं नसतं. एक आम्ल, एक अल्कली, दोघांनी एकमेकांना संपवलं, फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड उडून गेला आणि खाली उरलं सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्याने भाजीचं ना भलं होतं ना वाईट. व्हिनेगरही वाया गेलं आणि सोडाही. आणि याच सवयीने कुणी उद्या व्हिनेगरमध्ये ब्लीच मिसळेल तर त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो घशाला आणि फुफ्फुसाला इजा करतो, त्यामुळे हे मिसळामिसळीचं प्रकरण मला मुळात आवडतच नाही.

आता एकेक घेऊ. बेकिंग सोड्याला जो मान मिळालाय त्यामागे खरा अभ्यास आहे, २०१७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला. त्यांनी गाला जातीच्या सफरचंदांवर दोन औषधं लावली, थायाबेंडाझोल नावाचं बुरशीनाशक आणि फॉस्मेट नावाचं कीटकनाशक, २४ तास तशीच ठेवली आणि मग तीन प्रकारे धुऊन बघितली, नळाचं पाणी, ब्लीचचं सौम्य पाणी आणि १ टक्का बेकिंग सोड्याचं पाणी. सोडा जिंकला. पण किती वेळाने जिंकला ते लोक सांगत नाहीत. थायाबेंडाझोल ८० टक्के निघायला १२ मिनिटं लागली आणि फॉस्मेट ९६ टक्के निघायला १५ मिनिटं. चिमूटभर सोडा टाकून अर्ध्या मिनिटात फळ बाहेर काढलं तर त्या अभ्यासाचा आणि तुमचा काही संबंध नाही.

आणि मला त्यातली जास्त महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. थायाबेंडाझोलचा उरलेला २० टक्के भाग का नाही निघाला? कारण तो त्या २४ तासांत सालीच्या आत शिरला होता, ८० मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे साधारण वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढा. दिसायला काहीच नाही, पण आत म्हणजे आत. तिथे सोडा पोचत नाही, व्हिनेगर पोचत नाही, जाहिरातीतलं कुठलंही लिक्विड पोचत नाही. काही औषधं तर मुळातूनच झाडात शोषली जातात आणि फळाच्या गरात असतात, ती धुण्याच्या कक्षेतच येत नाहीत. त्यासाठी फवारणी आणि तोडणी यात ठरलेले दिवस जाऊ द्यायचे असतात आणि ते शेतात व्हायला हवं, आपल्या सिंकमध्ये नाही.

मग सोडा वापरायचा का? साल जाड आणि घट्ट असलेल्या फळांना, सफरचंद, नाशपाती वगैरे, हरकत नाही. एक लिटर पाण्याला सपाट दोन छोटे चमचे, १२ ते १५ मिनिटं, आणि नंतर वाहत्या पाण्याखाली नीट धुणं. पालेभाजीला आणि मऊ फळांना मी वापरत नाही, पानं लुळी पडतात आणि चवीत एक साबणासारखी छटा राहते.

व्हिनेगरने काही जंतू कमी होतात हे खरं, पण त्यासाठी ते भरपूर लागतं आणि मग स्ट्रॉबेरीला लोणच्याचा वास येतो. मिठाचं काय ते पुढे अळ्यांच्या प्रश्नात बघू.

आणि साधं पाणी. त्याला कुणी विचारत नाही बिचाऱ्याला. अमेरिकेतल्याच कनेक्टिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, लेट्यूस, स्ट्रॉबेरी, टोमॅटो वगैरेंवर, नुसत्या नळाच्या पाण्याने धुऊन. १२ पैकी ९ कीटकनाशकांचे अंश चांगले कमी झाले. त्यातही गंमत अशी की जे औषध पाण्यात जास्त विरघळतं तेच जास्त निघालं असं झालं नाही. म्हणजे पाणी ते विरघळवून नेत नाही, ढकलून नेतं. म्हणून तर मी म्हणते हात चालवा. नळाखाली फळ धरून मालिका बघत उभं राहणं म्हणजे धुणं नाही, ते विसळणं. निदान अर्धा मिनिट, बोटांनी चोळत, फिरवत, देठाच्या खोबणीत आणि खालच्या खळग्यात अंगठा फिरवत. एकदा देठाच्या बाजूने सफरचंद उन्हात धरून बघा, त्या खळग्यात राखाडी धूळ बसलेली दिसेल, बहुतेक घरांत तो खळगा कधीच धुतला जात नाही.

प्रश्न: कोविडच्या काळात लागलेली सवय, आम्ही अजून फळं भांड्यांच्या साबणाने धुतो. नीट धुऊन टाकतो की साबण! मग काय प्रॉब्लेम?

धुऊन टाकता असं तुम्हाला वाटतं. फळाची साल म्हणजे स्टीलचं ताट नव्हे, तिला बारीक छिद्रं असतात, देठाजवळ भेगा असतात, साबणातली द्रव्यं तिथे शिरून बसतात आणि ती पोटात गेली की मळमळ, जुलाब असले प्रकार होऊ शकतात. अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन, एफडीए, साबण, डिटर्जंट वापरू नका असं स्पष्ट सांगतं, आणि बाजारातली खास फळं-भाज्या धुण्याची लिक्विडंसुद्धा वापरायची गरज नाही असंच त्यांचं म्हणणं आहे. साबण हाताला लावा. फळाला हात लावण्याआधी २० सेकंद. हे मात्र त्या काळात लागलं असेल तर सोडू नका.

प्रश्न: पालक कितीही धुतला तरी जेवताना दाताखाली कचकन माती येते. चाळणीत घालून नळाखाली पाच-पाच मिनिटं धरते. काय चुकतंय?

चाळणी चुकतेय. नळाचं पाणी वरच्या पानांवर पडतं, ती खालच्या पानांना चिकटतात आणि माती दोन पानांच्या मधे सँडविचसारखी अडकून बसते.

मोठं पातेलं किंवा टब घ्या, पानं बुडून वर चार बोटं पाणी राहील एवढा. भाजी आधी निवडून घ्या, मुळाकडचा भाग कापून टाका कारण सगळ्यात जास्त माती तिथेच, देठाच्या पन्हाळीत असते. आता पानं पाण्यात टाका आणि हाताने खालीवर हलवा, घुसळू नका. मग दोन मिनिटं काहीच करू नका. हेच लोकांना जमत नाही. पाणी शांत झालं की माती खाली बसते. आणि आता खरी गोष्ट, पानं ओंजळीने वरच्या वर उचलून चाळणीत काढायची, पातेलं चाळणीत उपडं करायचं नाही!! उपडं केलं की तळाला बसलेली सगळी माती परत पानांवर. मी स्वतः कित्येक वर्षं हेच करत होते आणि भाजीवाल्याला नावं ठेवत होते.

पानं काढल्यावर पातेल्याच्या तळाला बोट फिरवा. रवाळ लागलं तर अजून एक पाणी. गुळगुळीत लागलं की झालं. पावसाळी माल असेल तर तीन-चार पाणी लागतात, एरवी दोन. शेवटी एकदा नळाच्या वाहत्या पाण्याखाली थोडी थोडी करून काढा, कारण टबच्या पाण्यात एका पानावरचे जंतू दुसऱ्या पानावर गेलेले असू शकतात. कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात, सगळ्याला हेच. पातीचा पांढरा भाग मात्र उभा चिरून बघा, आत पदरापदरात माती असते.

प्रश्न: आठवड्याची भाजी-फळं आणली की मी रविवारी सगळं एकदम धुऊन फ्रिजमध्ये लावते. पण द्राक्षं, स्ट्रॉबेरी तिसऱ्या दिवशी बुरशी धरतात. फ्रिज खराब आहे का?

फ्रिज बिचारा ठीक असेल. ओल राहतेय. बुरशीचे बीजकण फळावर आधीपासून असतातच, त्यांना फक्त पाणी हवं असतं आणि ते आपण दिलं. मी एकदा पाहुणे येणार म्हणून दोन डबे स्ट्रॉबेरी आदल्या रात्री छान धुऊन झाकणबंद ठेवल्या होत्या, सकाळी वरून लालचुटुक, आणि उचलून बघितलं तर खालच्या थरात एकमेकींना टेकलेल्या जागी पांढरी लव. वरच्या वाढल्या आणि खालच्यांबद्दल कुणाला बोलले नाही, आज पहिल्यांदा सांगतेय.

मऊ फळं खायच्या वेळीच धुवा. द्राक्षांचे घड धुताना दाणे देठापासून तोडू नका, तोडलं की भोक पडतं आणि पाणी आत जातं, छोटे झुबके करा. बटाटे, कांदे न धुताच ठेवायचे, बटाट्याची कोरडी माती नुसती झटका. पालेभाजी धुऊन ठेवायचीच असेल (नोकरी करणाऱ्यांना दुसरा मार्ग नसतो, मला कळतं) तर धुतल्यावर सुती पंचावर पसरून पूर्ण कोरडी करा, अगदी पान गालाला लावलं तरी ओल लागू नये इतकी, मग कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात.

पुसण्यावरून आठवलं, पुसणं हा धुण्याचाच भाग आहे. धुतल्यावर स्वच्छ कापडाने किंवा पेपर टॉवेलने फळ पुसलं की पाण्याने सैल झालेले जंतू त्या कापडावर येतात. फक्त ते कापड ओट्यावर दिवसभर फिरणारं फडकं नको.

प्रश्न: कलिंगड, खरबूज, संत्रं, ॲव्होकॅडो, ज्याची साल आपण खातच नाही ते कशाला धुवायचं? नवरा हसतो मला.

हसू दे. सुरी हसत नाही, ती सालीतून गरात जाते. २०११ मध्ये अमेरिकेत खरबुजातून लिस्टेरिया नावाच्या जंतूची साथ आली होती, १४७ लोक आजारी पडले, ३३ दगावले. खरबुजाच्या सालीवर जी जाळी असते ना, बोटाला खरखरीत लागते ती, तिच्या खाचांत जंतू मजेत राहतात. ॲव्होकॅडोचं म्हणाल तर २०१८ साली एफडीएने त्यांची तपासणी प्रसिद्ध केली, सालीच्या नमुन्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांवर लिस्टेरिया सापडला, गरात मात्र अगदी क्वचित. म्हणजे फळाने आपलं काम चोख केलं होतं, साल शाबूत होती तोवर आत काही गेलं नव्हतं.

तेव्हा अशा फळांना स्वच्छ ब्रश. भाजीसाठी वेगळा ठेवायचा, वाहत्या पाण्याखाली सगळीकडून घासायचं, पुसायचं आणि मगच चिरायचं. चिरलेलं खरबूज दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, पण लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो त्यामुळे चार-पाच दिवस पुरवून खाऊ नका. केळ्याला ब्रश नको हो, केळं सोलण्याआधी आणि नंतर हात धुतले तरी पुरे.

प्रश्न: द्राक्षांवरची ती पांढरी पावडर औषधाची असते ना? आणि सफरचंदावरचं मेण सुरीने खरवडून निघतं, ते बघून मुलांना देणंच बंद केलंय.

द्राक्षांवरचा पांढुरका थर बहुतेक वेळा द्राक्षाचाच असतो, नैसर्गिक मेण, दाण्यातलं पाणी उडू नये म्हणून. बोटाने पुसलं की चकचकीत काळं किंवा हिरवं दिसतं ते, आलुबुखाऱ्यावरही असतं. तो थर एकसारखा असेल तर माल ताजा समजा, फार हाताळलेला नाही. ठिपक्या-ठिपक्यांचे, वाळलेल्या थेंबांसारखे डाग दिसले तर ते फवारणीचे असू शकतात. धुवायचं दोन्ही वेळी सारखंच.

सफरचंदालाही स्वतःचं मेण असतं. तोडणीनंतर माल धुतात तेव्हा ते बरंच निघून जातं म्हणून वरून पातळ थर देतात, कार्नौबा नावाच्या पाम झाडाच्या पानांपासूनचं मेण किंवा लाखेपासूनचं शेलॅक. दोन्ही गोळ्या-चॉकलेटांनाही लावतात आणि ती पचत नाहीत, जशीच्या तशी बाहेर जातात. कोमट पाणी आणि ब्रशने थोडं निघतं. नकोच वाटलं तर सोलून द्या, पण खरवडलेल्या मेणाला घाबरून फळ बंद करू नका.

प्रश्न: कोमट पाणी म्हणालात ते मागेही वाचलं होतं. गार पाणी का नको?

टोमॅटो उन्हात किंवा गरम स्वयंपाकघरात पडलेला असेल आणि तुम्ही त्याला एकदम बर्फासारख्या गार पाण्यात बुडवलंत, तर आतली हवा आकसते आणि देठाच्या जागेतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पाण्याबरोबर त्यात जे असेल ते. म्हणून धुण्याचं पाणी फळापेक्षा गार नको, जमलं तर ५ अंशांनी उबदार, आणि बुडवून ठेवण्यापेक्षा वाहत्या पाण्याखाली धरणं बरं. सफरचंदालाही हे लागू होतं. एवढं थर्मामीटर लावून कुणी करत नाही, फक्त गरम फळ गार टबात टाकायचं नाही इतकं लक्षात ठेवलं तरी खूप.

प्रश्न: मला पाचवा महिना चालू आहे. मोड आलेली कडधान्यं कच्ची खायला सांगतात पौष्टिक म्हणून. चांगली धुऊन खाल्ली तर चालतील ना?

नाही. इथे मी धुण्यावर काहीच सोडणार नाही. उकडून, शिजवून खा.

कारण सांगते. मोड यायला ऊब आणि ओल लागते, आणि जंतूंना वाढायलाही नेमकं तेच लागतं. दाण्याच्या बारीक भेगेत एखादा जंतू असला तर दोन-तीन दिवसांत त्याचे लाखो होतात, मोडाच्या आतसुद्धा असतात, वरून धुऊन काय उपयोग. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय नावाच्या जंतूची मोठी साथ आली होती, ३,८०० च्या वर लोक आजारी पडले आणि ५० हून जास्त गेले. आधी स्पेनमधल्या काकड्यांवर आळ आला, शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं, आणि शेवटी निघाले मेथीच्या दाण्यांचे मोड. दाणे इजिप्तहून आलेले होते.

गरोदरपणात लिस्टेरिया आणि मातीतून येणारा टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी या दोघांची भीती जास्त, दोन्ही बाळापर्यंत पोचू शकतात. त्यामुळे या महिन्यांत सॅलडची पानं, गाजर, मुळा जे कच्चं खाल ते घरी, नीट घासून धुतलेलं. बाहेरचं चिरून ठेवलेलं फळ नको. शिजवलेलं सगळं निर्धास्त खा, अन्न आतपर्यंत ७० अंशांना पोचलं की हे जंतू टिकत नाहीत. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारालच.

प्रश्न: फ्लॉवरमधल्या अळ्या! मिठाच्या पाण्यात घातलं तरी एक तरी निघतेच आणि मग घरात कुणी जेवत नाही.

किती वेळ घालता? पाच मिनिटांत अळी हलत नाही, तिला कुठे घाई असते. तुरे लहान सोडवा, एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा मीठ, पंधरा-वीस मिनिटं, आणि तुरे उलटे म्हणजे दांडा वर, फुलोरा खाली, कारण सुटलेली अळी खाली पडायला जागा हवी. वर एखादी ताटली ठेवा नाहीतर तुरे तरंगतात आणि अर्धा भाग कोरडाच राहतो. मग धुऊन एकेक तुरा उजेडात बघायचा, हिरवी अळी हिरव्या देठाला चिकटून असते ती फसवते.

मीठ अळ्यांसाठी चांगलं. जंतूंसाठी एवढ्या मिठाने काही फार होत नाही. आणि एखादी अळी शिजलीच तर कुणी आजारी पडत नाही, मन सोडून.

प्रश्न: आमच्या भागात नळाच्या पाण्याचीच खात्री नाही. मग त्याच पाण्याने धुऊन काय साधणार?

बरोबर विचारलंत, हे कुणी लिहीत नाही. घाणेरड्या पाण्याने धुतलं तर असलेलं जातं आणि नसलेलं येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं असं एक पोस्टर काढलं होतं, त्यातलं पाचवं सूत्रच मुळी सुरक्षित पाणी आणि चांगला कच्चा माल वापरा असं आहे. तुम्ही माती काढायला नळाचं पाणी वापरा आणि शेवटचं पाणी मात्र उकळून गार केलेलं किंवा प्यायचं घ्या. कच्चं खायचं ते शक्यतो सोलून. बाकी सगळं शिजवून. ज्या दिवसांत पाणी गढूळ येतं तेव्हा पालेभाजी कच्ची खायचीच नाही.

एकाने याच संदर्भात विचारलंय की वडील जांभळं पाणी, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, वापरायचे ते चालेल का. नको. त्याचं प्रमाण डोळ्यांनी ठरवतात, फिकट गुलाबी म्हणजे किती फिकट ते ज्याचं त्याला ठाऊक, आणि खडे हाताला लागले तर भाजतं. वडिलांना नमस्कार सांगा आणि डबी कपाटात राहू द्या.

प्रश्न: भाज्या धुण्याचं ओझोनचं मशीन घ्यावं का?

त्याने वरचे जंतू काही प्रमाणात कमी होतात. आत शिरलेलं औषध निघत नाही. ओझोन हुंगणं फुफ्फुसाला चांगलं नाही. एवढं वाचून घ्यावंसं वाटलं तर घ्या, मी घेतलेलं नाही.

प्रश्न: पिशवीवर "धुतलेली, खायला तयार" लिहिलेली पानं परत धुवायची का?

नाही, आणि याचं उत्तर लोकांना पटत नाही. कारखान्यात ती धुऊन आलेली असतात, आपण परत धुवायला घेतली की आपलं सिंक, आपली चाळणी, सकाळी कापलेल्या चिकनचे शिंतोडे, हे सगळं त्यांना लागायची शक्यता जास्त. थंड ठेवायची, तारीख बघायची, चिकट झाली असतील तर फेकायची. पिशवीवर तसं लिहिलेलं नसेल तर मात्र धुवायचीच.

सिंकचा विषय निघालाच आहे तर, भाजी थेट सिंकमध्ये बूच लावून भिजवणारे बरेच जण आहेत. कृपा करून पातेलं वापरा.

प्रश्न: मशरूम धुवायचे नसतात, पाणी पितात, असं टीव्हीवर शेफ सांगतात.

मुळात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं त्यांच्यात, अजून किती पिणार. भिजत घालू नका, नळाखाली पटकन चोळून धुवा, लगेच पुसा, लगेच शिजवा.

प्रश्न: (हे अक्षर नक्कीच सात-आठ वर्षांच्या कुणाचं तरी आहे) ताई, मी सफरचंदाचं स्टिकर खाल्लं. आता काय होईल?

काही नाही होणार. स्टिकर पोटात पचत नाही, उद्या-परवा शीला जाशील तेव्हा निघून जाईल. पण पुढच्या वेळी धुण्याच्या आधीच ते काढायचं, कारण स्टिकरच्या खाली पाणी जात नाही आणि तेवढी गोल जागा न धुतलेली राहते. चिकट डिंक राहिला तर आईकडून बोटावर तेलाचा एक थेंब घे, चोळ, मग धू. आणि ते आईला सांगितलंस का तू?